तीन उभे, एक आडवा

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. खरं म्हणजे ती त्या गल्लीत एकाच माणसाची वहिनी होती, तिच्या नणंदेची. पण नणंदेची हाक इतकी खणखणीत की पहिल्या वर्षातच हमाल, गिऱ्हाईक, चहावाला सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. ती नणंदेला वन्सं म्हणायची, म्हणून नणंद सगळ्या गल्लीची वन्सं झाली. क्विंटलभर ओझं उचलणारे मिशाळ गडी "ओ वन्सं, जरा बाजूला व्हा" असं म्हणत, आणि त्यात कुणालाच काही गंमत वाटत नसे.

वहिनी डाळींच्या ठोक दुकानात पिशव्या शिवायची. सत्तावीस वर्षं. दुकान म्हणजे पुढे एक गादी आणि काटा, मागे लांबलचक गोदाम. तिथे मसूर, हरभरा, मूग, वाटाणा यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या, आणि हवेत सालपटांची अशी धूळ की नवा माणूस पहिला आठवडा शिंकण्यातच घालवी. थप्पीच्या टोकाला एका खोक्यावर घडी केलेलं गोणपाट, ती तिची जागा. समोर मांजरपाटाची दहा किलोची पिशवी यायची. ती तोंड दोनदा दुमडायची, दाभण घालायची, आणि गिऱ्हाईक पैसे मोजून होईपर्यंत पिशवी बंद झालेली असायची.

शेवटी उजव्या कानाशी ती दोरा बदलायची. सगळी शिवण पांढरी, कानाशी मात्र लाल. तीन टाके उभे आणि त्यांच्यातून एक आडवा. आडवा टाका पहिल्यावरून, मधल्याखालून आणि तिसऱ्यावरून जायचा. पूर्वी वाटेत गाडीवाले पिशव्या उसवून मापभर डाळ काढत, तेवढे खडे भरत आणि पुन्हा शिवून टाकत. बोल यायचा शिवणारीवर. तेव्हा तिथेच पिशव्या शिवणाऱ्या वन्संनी ही खूण काढली. चोर घाईत असतो, तो आडवा टाका सरळ तिन्हींवरून घालतो. पिशवी परत आली की वन्सं कानावरून बोट फिरवत आणि सांगत, "ही माझी नाही, ही कुणीतरी उघडलीय." वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा वन्संनी तिला आधी हा टाका शिकवला, चूल नंतर दाखवली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कर.

सुट्या डाळीला कर माफ होता. अख्खी असो, फोडलेली असो, सोललेली असो, पोत्यातून काढून तोलून दिली की माफ. तीच डाळ बंद पिशवीत घातली आणि पिशवीवर दुकानाची ओळख लावली, की ती डाळ राहत नाही, 'माल' होते आणि कर लागतो. भाजली तर वेगळं कलम, दळली तर आणखी वेगळं. पिशवीवर ओळख नसेल तर शिवलेली पिशवीही सुटीच धरली जाई. त्यामुळे आमचे शेठ ओळखीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असत. पिशवीवर नाव नाही, शिक्का नाही, रंग नाही. एकदा एका हमालाने गंमत म्हणून पिशवीवर कोळशाने मिशा काढल्या, तर शेठनी ती पिशवी रिकामी करवून धुवायला लावली. "मिशीवाला छाप झाला असता रे गाढवा!" लाल टाक्याकडे मात्र त्यांचं कधी लक्ष गेलं नाही. जन्मभर रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसत नाही.

एका सकाळी चष्मा लावलेला एक सद्गृहस्थ आला आणि म्हणाला, "लाल टाक्याची मसूर मिळेल का?"

शेठ खूश होते, सौदा चांगला झाला होता. ते मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडे लाल टाक्याचीच असते, साहेब! डोळे मिटून न्या."

पिशवीवरच्या मिशा धुवायला लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हे वाक्य उच्चारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. सद्गृहस्थाने दोन पिशव्या घेतल्या, पावती घेतली आणि आठव्या दिवशी कर खात्याची नोटीस आली. त्यात लिहिलं होतं, की सदर दुकान लाल धाग्याची विशिष्ट खूण वापरून बंद पिशव्या विकतं, गिऱ्हाईक त्या खुणेने माल मागतं, स्वतः मालक ती खूण आपली म्हणून सांगतो. तेव्हा तीन वर्षांच्या सगळ्या विक्रीवर कर आणि वर दंड का लावू नये. अधिकारी गुरुवारी अकरा वाजता दुकानात चौकशीला येतील.

शेठनी नोटीस दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचायला दिवाणजींकडे दिली आणि गादीवर आडवे झाले. दुकान विकलं तरी ते भागणार नव्हतं. दुकान गेलं की त्याच्याबरोबर सात माणसांची रोजी जाणार होती, आणि सातवी वहिनी होती.

बुधवारी करसल्लागार आला. खिशाला दोन पेनं, तोंडात कलमं, आणि आवाज असा की जणू हा कायदा त्यानेच घरी बसून लिहिला. त्याने वहिनीला समोर बसवलं.

"बाई, उद्या कर खात्याच्या मॅडम विचारतील, लाल दोरा का? तुम्ही म्हणायचं, हाताला येईल तो दोरा. कधी पांढरा संपला की लाल. त्याला अर्थ नाही. काही अर्थ नाही, एवढंच."

"पण अर्थ आहे," वहिनी म्हणाली.

"तो तुमच्या घरी ठेवा."

शेठ नुसते तिच्याकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांनी वहिनीला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, आजारपणाचा रोज कापला नव्हता, तिचा नवरा गेला तेव्हा दुकान एक दिवस बंद ठेवलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या एका शब्दावर आहे सगळं."

एका शब्दावर होतं ते खरंच होतं, फक्त तो शब्द वेगळा होता, आणि त्याची किंमत त्या दुकानात तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

त्याचं असं होतं. नऊ वर्षांपूर्वी हे दुकान दोन भावांचं होतं. मग भावांचं फाटलं. धाकट्या शेठनी रस्त्यापलीकडे समोरच दुकान थाटलं. काटे वाटले, थप्प्या वाटल्या आणि माणसंही वाटली. वहिनी थोरल्याकडे राहिली, वन्सं धाकट्याकडे गेल्या. थोरल्यांनी त्या दिवशी सगळ्यांना बजावलं, की इथल्या माणसाने त्या दुकानाची पायरी चढायची नाही, आणि त्या दुकानाचं नाव या गादीवर घ्यायचं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा शहाणी झाली. समोरही लाल टाक्याचीच पिशवी मिळते हे गल्लीला माहीत होतं, पण ते शेठच्या तोंडावर सांगून दुधात मिठाचा खडा कोण टाकणार?

वन्संना धाकट्या शेठनी गोदामावरची एक खोली दिली होती. पिशव्या वर जायच्या, शिवून खाली यायच्या. काम आहे तोवर खोली, असा तोंडी करार. पण तीन वर्षांपूर्वी वन्संची बोटं गेली. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर, मग दाभण धरता येईना. वन्संनी हे जगात एकाच माणसाला सांगितलं आणि शपथ घातली. तेव्हापासून रोज दुपारी एक ते तीन, शेठ जेवून घरी पडलेले असत तेव्हा, वहिनी मागच्या बोळातून वर जायची आणि वन्संच्या वाटणीच्या चाळीस पिशव्या शिवून यायची. स्वतःचा डबा दाभण चालवता चालवता खायची.

म्हणजे उत्तर तयार होतं. ही खूण या दुकानाची नाही, समोरच्याही पिशव्यांवर आहे, एवढं म्हटलं की नोटीस फुसकी. पण तेवढं म्हटलं की कुणीतरी विचारणार, समोरच्या कोण शिवतं? मग वन्संच्या बोटांकडे बघणार. आणि पासष्टीच्या, लग्न न केलेल्या, कुणापुढे कधी हात न पसरलेल्या वन्संना कुणीतरी खोली सोडा म्हणणार. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या संध्याकाळी ती वन्संकडे गेली. वन्सं कोमट पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बसल्या होत्या. बातमी त्यांना कळली होती. त्या गल्लीत शिंक आली तरी दोन्हीकडे कळायची.

"काय बोलायला सांगितलंय तुला?"

"हाताला येईल तो दोरा घालते, असं."

"म्हणजे ती खूण काहीच नाही?"

वहिनीने भांड्यात आणखी कोमट पाणी ओतलं.

"आणि तू तसं म्हणणार?"

"मग काय म्हणू, वन्सं? तुम्हीच सांगा."

काय म्हणायचं ते दोघींनाही ठाऊक होतं. वन्संनी पाण्यातून हात काढले, पदराला पुसले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "उद्या लवकर उठायचंय तुला. जा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला वहिनी म्हणून निरोप दिला नाही.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मॅडम आल्या. बरोबर तोच चष्मेवाला सद्गृहस्थ. मॅडम चाळिशीच्या, शांत, आवाज न चढवणाऱ्या. असे अधिकारी आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा वाईट. त्यांनी थप्प्यांतून स्वतः निवडून आठ पिशव्या काढायला लावल्या आणि फरशीवर ओळीने मांडल्या. सल्लागाराने कलम सांगायला तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "आधी बाईंशी बोलू दे." सल्लागाराचं तोंड तसंच राहिलं.

"या पिशव्या तुम्ही शिवल्या?"

"हो."

"लाल दोरा का?"

वहिनीने शेठकडे पाहिलं. शेठ गादीचा कोपरा चिमटीत धरून बसले होते.

"हाताला येईल तो घालते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

मॅडमनी मान हलवली. मग त्या वाकल्या आणि एकेका पिशवीचा उजवा कान वर करून ठेवत गेल्या. एक, दोन, तीन. आठही कान. तीन उभे, एक आडवा. तीन उभे, एक आडवा.

"हाताला आठही वेळा लालच आला? आणि आठही वेळा उजव्याच कानाला?"

गोदामात कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"बाई, खोटं लिहून घ्यायला मला आवडत नाही. ही खूण आहे. काहीच नसतं तर एवढ्या निगुतीने कुणी घातलं नसतं. खूण आहे तर ती दुकानाची आहे. बरोबर?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तसं लिहू?"

पेन कागदाला टेकलं. वहिनीला त्या क्षणी काय काय दिसलं ते ती नंतर कधी सांगू शकली नाही. पण दुकान वाचवायचं असं मनात आणून ती बोलली नाही, हे मात्र तिने कबूल केलं. तिला राग आला होता. ज्या टाक्यासाठी वन्संनी तिच्या हातावर दाभणाच्या टोकाने मारून मारून वळण लावलं, तो टाका हा कागद शेठच्या नावावर चढवणार होता.

"नाही," ती म्हणाली. "दुकानाची नाही. आमच्या वन्संची आहे."

"कोण वन्सं?"

"माझी नणंद. त्यांनी काढली, मला शिकवली. समोरच्या दुकानातही हीच खूण असते. जाऊन बघा."

शेठ ताडकन उठले. "समोरच्या?"

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. चष्मेवाला रस्ता ओलांडून गेला आणि दोन पिशव्या घेऊन आला. त्याच्यामागून धाकटे शेठ आले, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता समोरासमोर उभे राहिले. ती कसरत बघण्यासारखी होती. मॅडमनी दोन कान बाकीच्या आठांशेजारी ठेवले. फरक नव्हता.

"तुमच्या कोण शिवतं?"

"हिची नणंद," धाकटे शेठ म्हणाले. "वर खोलीत बसून. नऊ वर्षं."

"बोलवा त्यांना. माझ्यासमोर एक पिशवी शिवू दे. दोन दुकानं, दोन शिवणाऱ्या आणि खूण एक, हे मला डोळ्यांनी बघायचंय. नाहीतर ऐनवेळी कुणी शिवून आणल्या असं उद्या वरचे लोक म्हणतील."

आगीतून निघून फुफाट्यात पडली होती वहिनी, आणि एकटी नाही, वन्संना घेऊन.

वन्सं आल्या. इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर, हात पदराखाली. वहिनीने घाईने स्वतःचा दाभण लाल दोरा ओवून पुढे केला, निदान ओवायला लागू नये म्हणून. वन्सं खोक्यावर बसल्या. नऊ वर्षांपूर्वी त्याच खोक्याशेजारी त्यांचं खोकं होतं. त्यांनी दाभण घेतला. पहिला उभा टाका गेला. वेळ लागला, पण गेला. दुसऱ्याला बोटं वाकेनात. त्यांनी तळहाताने ढकलला. कपाळावर घाम आला. तिसऱ्याला दाभण सुटला आणि फरशीवर टणकन वाजला.

कुणी उचलला नाही. वहिनीने उचलायला हात पुढे केला तर वन्सं म्हणाल्या, "थांब, वहिनी."

मग त्यांनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि मॅडमसमोर धरले. धाकट्या शेठनाही दिसतील असे.

"जमत नाही हो, साहेब. तीन वर्षं झाली. समोरच्या पिशव्या हीच शिवते. रोज दुपारी, चोरून. पण टाका माझा आहे. आडवा मधल्याखालून घालायचा, हे मी काढलं. दोन्ही भाऊ तेव्हा गोळ्या चघळत या थप्प्यांवर लपंडाव खेळायचे. यांची खूण कुठून येणार?"

मॅडमनी ते हात नीट पाहिले. मग त्यांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं, की सदर खूण दोन वेगळ्या मालकांच्या मालावर आढळली. ती शिवणाऱ्या बायकांची कामाची खूण असून कोणत्याही दुकानाची ओळख नव्हे. नोटीस मागे घेण्याची शिफारस करते. शेजारी त्यांनी पेनाने ती खूणही काढली. सल्लागार पुटपुटला, "मी हेच म्हणणार होतो." उंटावरचा शहाणा तो, त्याला खाली कोण उतरवणार?

जाताना मॅडम दोन्ही भावांना म्हणाल्या, "आता मात्र तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाईक या खुणेने माल मागतं. उद्यापासून ही घातलीत तर मला परत यावं लागेल. आणि तेव्हा ती तुमचीच धरीन."

त्या गेल्या. धाकटे शेठ वन्संजवळ आले. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच त्याला खाली बघून बोलावं लागलं. "मला रोज चाळीस पिशव्या शिवणारं माणूस लागतं, वन्सं. महिनाअखेरपर्यंत राहा." थोरल्यांकडे न बघता ते रस्ता ओलांडून गेले.

थोरले शेठ वहिनीसमोर उभे होते. "रोज दुपारी?"

"हो."

"समोर?"

"हो."

दुकान वाचलं होतं आणि त्यांना आभार मानायचे होते, आणि तिने नऊ वर्षांचा हुकूम मोडला होता म्हणून त्यांना चिडायचंही होतं. दोन्ही त्यांना जमलं नाही. "लाल दोरा फेकून द्या," ते म्हणाले. "उद्यापासून नुसता पांढरा."

संध्याकाळी वहिनीने वन्संची ट्रंक आणि वळकटी आपल्या खोलीत आणली. महिनाअखेरीची वाट वन्सं बघणार नाहीत, हे तिला विचारायची गरज नव्हती. ट्रंक भिंतीशी लावली आणि तिला रडू फुटलं.

"माझ्यामुळे गेली तुमची खोली. शपथ मोडली मी."

"खोली गेली ती गेली. पण आज तू तो टाका काहीच नाही म्हणून गेली असतीस ना, तर मी मरेपर्यंत तुझ्याशी बोलले नसते." वन्सं वळकटीवर टेकल्या. "चहा टाक. आणि सांग, त्या बाईने कागदावर चित्र काढलं म्हणे. मला दिसलं नाही. कसं काढलं?"

वहिनीने डोळे पुसले. बोटाने ट्रंकेवरच्या धुळीत काढून दाखवलं. तीन उभ्या रेघा, आणि वरून सरळ एक आडवी.

वन्सं बघत राहिल्या. "मधल्याखालून नाही?"

"नाही. तिन्हींवरून."

"अगं, मग ती चोराची झाली की! आणि तू गप्प बसलीस?"

"धीर नाही झाला, वन्सं."

वन्संनी आपलं वाकडं बोट धुळीवर ठेवलं आणि मधल्या रेघेपाशी आडवी रेघ पुसून तोडली. उद्यापासून तो टाका जगात कुठल्याही पिशवीवर घातला जाणार नव्हता. राहणार होता तो एका सरकारी कागदावर, आणि तिथेही चुकीचा.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी त्या कचेरीत जा. त्यांना सांग, नीट करा म्हणावं."

ज्या कचेरीच्या नुसत्या नावाने आठ दिवस वहिनीची पाचावर धारण बसली होती, तिथे जायचं होतं. तिने आधण ठेवलं.

"जाते," ती म्हणाली. "लाल दोरा घेऊनच जाते."